चौदा बाय सोळात बारा माणसं

अण्णांना नायगारा दाखवून झाला, लिबर्टीची बाई बोटीतून आणि पायथ्यापासून दोन्हीकडून दाखवून झाली, वॉशिंग्टनला एका दिवसात सात म्युझियम करायचा बायकोचा प्लॅन तिसऱ्या म्युझियमच्या बाकड्यावरच आटोपला, आणि मग परतीच्या तिकिटाआधीचा शेवटचा शनिवार उरला. आता काय दाखवायचं? अण्णा म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यातले, आर्मीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, एएससी म्हणजे सप्लाय कोअर, आणि त्यातली बरीच वर्षं खेचरांच्या कंपनीत. या माणसाला शॉपिंग दाखवून काही उपयोग नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, कारण होलसेलच्या त्या अवाढव्य दुकानात आम्ही दोन तास फिरलो आणि त्यांनी मन लावून बघितली ती फक्त फोर्कलिफ्ट.

म्हणलं चला, जॉकी हॉलोला जाऊ.

जॉकी हॉलो म्हणजे न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनजवळचं जंगल. मी तिथे कितीतरी वेळा गेलोय, पण खरं सांगायचं तर चालायला. वीकेंडला पाच-सहा मैल पाय मोकळे करायचे, झाडांवर रंगाचे पट्टे मारलेत त्यांच्या मागे मागे जायचं, पार्किंगला परत येऊन थर्मासमधला चहा प्यायचा, झालं. वाटेत पाट्या लागतात, इथे अमुक ब्रिगेड होती तिथे तमुक, मी पहिली ओळ वाचून पुढे. १९३३ साली झालेला हा अमेरिकेतला पहिला नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे हे ऐकून माहीत होतं, पण इतिहास आपला भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखा, मिळाला तर पिशवीत टाकायचा.

तर गोष्ट अशी आहे. १७७९ चा डिसेंबर. स्वातंत्र्ययुद्ध सुरू होऊन साडेचार वर्षं उलटलेली, इंग्रज न्यूयॉर्क शहर बळकावून बसलेले, आणि अमेरिकन सैन्याचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याला हिवाळ्यापुरता तळ ठोकायला जागा हवी होती जिथून इंग्रजांवर नजर राहील पण त्यांना पटकन अंगावर येता येणार नाही. मॉरिसटाऊन न्यूयॉर्कपासून तीसेक मैल, आणि मधे वॉचंगच्या डोंगरांची आडवी रांग. त्या काळी हिवाळ्यात मोठ्या लढाया थांबायच्याच, आपल्याकडे पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या तसं. फरक एवढाच की आपले लोक पावसाला घरी यायचे, पेरणी बघायचे आणि दसऱ्याला पुन्हा सीमोल्लंघन करायचे. या दहा-बारा हजार माणसांना घरी सोडलं असतं तर ती परत आली नसती, म्हणून ती सगळी या जंगलात आणून ठेवली.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. पानं बहुतेक गळून गेलेली, फक्त बीचच्या झाडांवर तांब्याच्या रंगाची वाळकी पानं अडकून राहिलेली, ती सहज पडत नाहीत, हिवाळाभर कागदासारखी वाजत बसतात. अण्णांनी माकडटोपी घातली होती. बायकोने जाकीट दिलेलं होतं ते गाडीतच ठेवलं, ‘चालल्यावर गरम होतं’ म्हणून.

व्हिजिटर सेंटरच्या मागेच विक कुटुंबाचं शेतावरचं घर आहे. हेन्री विक नावाच्या शेतकऱ्याचं, १७५० च्या सुमाराचं, लाकडी, बुटकं, आतमध्ये छत इतकं खाली की अण्णांची टोपी जवळजवळ टेकत होती. याची जमीन चौदाशे एकर होती आणि त्यातलं बरंचसं जंगल, म्हणूनच सैन्य नेमकं याच्या दारात येऊन बसलं. घरात जनरल सेंट क्लेअर राहायला आले. आणि इथली फेमस दंतकथा म्हणजे टेंपी विक, हेन्रीची मुलगी, हिने सैनिक आपला घोडा ओढून नेतील म्हणून तो घोडा चक्क घरात आणून मागच्या बेडरूममध्ये लपवून ठेवला, कोण म्हणतं काही दिवस, कोण म्हणतं तीन आठवडे, आणि टापांचा आवाज होऊ नये म्हणून खाली पिसांची गादी अंथरली. शेजारचा रस्तासुद्धा टेंपी विक रोड आहे. त्या काळच्या कागदपत्रांत याचा काही पुरावा नाही, पण गोष्ट गोड आहे आणि लहान मुलं त्या खोलीत डोकावून घोडा शोधतात.

मी अण्णांना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी खोली बघितली. खिडकी बघितली. मग हळूच म्हणाले, "लीद कुठं टाकली?"

मी म्हणलं काय?

"अहो जावईबापू, एक घोडं दिवसाला एवढी लीद टाकतं," त्यांनी हाताने पाटी दाखवली, "तीन आठवड्यांची कुठं नेली? बाहेर टाकली तर तिथंच कळलं की घोडं आत आहे. आणि गादीवर घोडं उभं राहत नाही. पायाखाली मऊ लागलं की नाटकं करतं." मग पुढे दोन मिनिटांनी, दाराबाहेर पडताना, "एक रात्र ठेवलं असंल. एक रात्र जमतं. तोंडापुढं चारा टाकायचा आणि आपण शेजारी उभं राहायचं." अडीचशे वर्षांचा वाद त्यांनी असा मिटवला.

तिथून पिवळी वाट घेतली, सव्वादोन मैलांची. आणि इथे मला पहिल्यांदा आपण इतकी वर्षं काय बघत होतो याची शंका यायला लागली.

कारण मी त्यांना कौतुकाने जंगल दाखवत होतो. ट्यूलिप पोपलर म्हणून झाड आहे, सरळसोट, खांबासारखं, खालची सत्तर-ऐंशी फूट एक फांदी नाही. ओक आहेत, बीच आहेत. मधेमधे मेलेले ॲश उभे आहेत, हिरव्या भुंग्याच्या अळीने साल पोखरून मारलेले. खाली लाल फळांची काटेरी बारबेरीची झुडपं, ही मूळची जपानी, कधीतरी बागेसाठी आणली आणि आता माजलीये, कारण हरणं बाकी सगळं खातात आणि हिला तोंड लावत नाहीत. मी आपला गाइड झालेलो. अण्णा ऐकत होते आणि मग म्हणाले, "दहा हजार माणसं इथं राहिली म्हणता. मग ही झाडं कशी राहिली?"

राहिलीच नाहीत ना. हेच तर. हजाराच्या वर झोपड्या, प्रत्येक झोपडी पूर्ण लाकडाची, आणि मग त्या प्रत्येक झोपडीत सहा महिने अहोरात्र शेकोटी. सहाशे एकरांच्या वर जंगल तोडलं असं म्हणतात. म्हणजे १७८० च्या वसंतात कोणी इथे उभं राहिलं असतं तर त्याला दिसले असते बुंधे. डोंगराच्या डोंगर बुंधे, चिखल, धूर, आणि ओळीत ठोकलेल्या झोपड्या. सावली नाही, पक्षी नाहीत. आज मी ज्याला ‘किती शांत आहे ना इथे’ म्हणतो ते सगळं नंतर उगवलंय. ट्यूलिप पोपलर तर मोकळ्या झालेल्या जागेवर सगळ्यात आधी घुसणारं झाड आहे, ते दिसलं की समजायचं इथे कधीतरी कुऱ्हाड चाललीये. तेव्हा इथे चेस्टनटची मोठमोठी झाडंसुद्धा होती, ती पुन्हा फुटली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोग येऊन मेली. म्हणजे मी छावणी बघायला म्हणून येतो आणि बघतो ते छावणी पुसून टाकणारं जंगल. इतक्या वेळा येऊन हे डोक्यात आलं नव्हतं, आणि अण्णांना अर्ध्या मैलात आलं, कारण त्यांनी झाडांकडे जळण म्हणून बघितलं.

वाटेला एक चढ आहे, तिथे ते थांबले. दम लागला म्हणून थांबले असं मला वाटलं, पण ते उतार बघत होते. "तोंड कुठं करून होते हे लोक? ओढा किती लांब? संडास वरच्या अंगाला का खालच्या?" मला यातलं काही माहीत नव्हतं. ओढा दाखवला. ते म्हणाले, "उतारावर बांधलं ते बरं केलं, पाणी साचत नाही." आणि नंतर घरी येऊन वाचलं तर खरंच, त्याच्या दोन वर्षं आधी व्हॅली फोर्जच्या छावणीत जवळपास दोन हजार माणसं मेली होती, बहुतेक सगळी आजाराने, आणि इथे थंडी त्याहून कितीतरी वाईट असून मेले शंभरच्या आसपास. तोपर्यंत यांना छावणी कशी घालायची ते कळलं होतं. झोपडी ओळीच्या बाहेर गेली तर पाडून परत बांधायला लावायचे. देवीचं टोचणं तर १७७७ सालीच वॉशिंग्टनने सक्तीने सुरू केलं होतं, तेव्हाही मुक्काम मॉरिसटाऊनलाच होता. आपल्याकडे इतिहास म्हणजे तलवार, घोडा आणि गनिमी कावा, टोचण्याचा पोवाडा काही कोणी रचत नाही.

जंगल संपतं आणि एकदम मोकळं गवताचं मैदान लागतं, आणि त्याच्या वरच्या टोकाला, शुगरलोफ नावाच्या टेकाडावर, पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणींची जागा. तिथे चार-पाच झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्यात. खाच पाडून एकमेकांत अडकवलेले ओंडके, फटींमध्ये माती लिंपलेली, एका बाजूला चूल आणि धुराडं, खिडकी नसल्यातच जमा. मूळ झोपड्यांचं काहीच उरलं नाही. उरले ते चुलीचे दगड, आणि उत्खनन करणाऱ्यांनी त्या दगडांवरूनच झोपड्यांच्या ओळी शोधून काढल्या. लाकूड गेलं, माणसं गेली, चूल राहिली.

अण्णा आत गेले. आत अंधार, जळक्या लाकडाचा जुना वास, आणि दोन्ही अंगांना एकावर एक फळ्यांच्या बर्थ, आपल्या रेल्वेच्या स्लीपरसारख्या तीन मजली, पण लांबी माझ्याही उंचीला पुरणार नाही अशी. अण्णांनी टाच लावून टाच लावून पावलांनी माप घेतलं. हे ते सगळीकडे करतात, आमचं घर घेतलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर मला करायला लावलं होतं.

"चौदा बाय सोळा," ते म्हणाले. बाहेर पाटीवर तेच लिहिलेलं होतं, ती त्यांनी वाचली नव्हती.

"किती माणसं?"

"बारा."

ते खालच्या बर्थवर बसले. बसायची परवानगी आहे की नाही मला माहीत नाही, पण मी काही बोललो नाही. हाताने वरची फळी चाचपली. "मधल्याला बसता येणार नाही," म्हणाले. "मधला नुसता आडवा. वरच्याला धूर. खालच्याला सगळ्यांचे पाय." आणि मग, "खालचाच बरा."

आणि हे सगळं झोपडी तयार झाल्यावरचं सुख. डिसेंबरात आले तेव्हा तंबू होते, कित्येकांना तेही नाहीत, आणि झोपड्या बांधून होईस्तोवर जानेवारी उजाडला. १७८० च्या जानेवारीत पहिल्याच आठवड्यात असं वादळ आलं की बर्फ चार-चार सहा-सहा फूट साचलं. सैन्यातल्या एका डॉक्टरने डायरीत लिहून ठेवलंय की अधिकाऱ्यांचे मोठे तंबू रात्री फाटून त्यांच्या अंगावर पडले आणि काही सैनिक तंबूसकट बर्फाखाली मेंढरांसारखे गाडले गेले. त्या हिवाळ्यात २८ वेळा बर्फ पडलं म्हणतात. न्यूयॉर्कचं बंदर, म्हणजे समुद्राचं खारं पाणी, इतकं गोठलं की इंग्रजांनी मॅनहॅटनहून स्टेटन आयलंडला तोफा बर्फावरून ओढत नेल्या. आज तिथे फेरी चालते, आम्ही अण्णांना त्याच फेरीतून नेलं होतं, फुकट आहे म्हणून.

मग खाण्याचं सांगितलं. जोसेफ प्लम मार्टिन नावाचा कनेक्टिकटचा एक सैनिक होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने सत्तरीला टेकल्यावर आपल्या आठवणी लिहिल्या, १८३० साली छापून आल्या. त्यात तो म्हणतो की या बर्फाच्या दिवसांत चार दिवस चार रात्री त्याच्या पोटात काही गेलं नाही, बर्च झाडाची थोडी साल एका लाकडावरून कुरतडून खाल्ली तेवढीच, आणि इतरांना त्याने आपले जुने जोडे भाजून खाताना बघितलं.

हे मी दर वेळी येणाऱ्या पाहुण्यांना सांगतो, एरवी लोक ‘बापरे’ म्हणतात आणि फोटो काढतात. अण्णा गप्प बसले. खूप वेळ. बाहेर एक कुटुंब आलं, त्यांच्या पोरांनी दारातून डोकावून ‘हॅलो’ केलं, गेले.

"आमचा एकदा दीड दिवस झाला होता," अण्णा म्हणाले.

बायको म्हणते तिने हे कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. काश्मीरमध्ये कुठेतरी, पोस्टवर रेशन चढवायला खेचरं घेऊन निघालेले आणि वाटेत बर्फ सुरू झालं, पुढे जाता येईना मागे येता येईना, एका कातळाच्या आडोशाला सहा माणसं आणि नऊ खेचरं. खेचराच्या पाठीवर सत्तर-बहात्तर किलो लादलेलं. पाठीवर सगळं होतं, पीठ, डाळ, के-ऑइलचे म्हणजे रॉकेलचे जरीकॅन, पण ते पोस्टचं. आणि पेटवायला वारा देत नव्हता. "खिशात शक्करपारे होते. त्यावर काढलं." एक खेचर गेलं त्यात. खेचराच्या खुरावर नंबर कोरलेला असतो, अण्णांनी मला तो नंबर सांगितला. पाच आकडी. त्यांना माझा फोन नंबर आठवत नाही, दर वेळी डायरी काढतात.

मग उठले, पँट झटकली आणि एकदम मुद्द्याचा प्रश्न विचारला, अगदी कडक आवाजात, जसा मीच क्वार्टरमास्टर, म्हणजे रसदेचा अधिकारी, होतो. "विंटर स्टॉकिंग केलं नव्हतं का यांनी?"

विंटर स्टॉकिंग हा आर्मीतला शब्द. लडाखच्या वाटेवरची झोजी ला ही खिंड बर्फाने बंद व्हायच्या आधी वरच्या पोस्टांचं अख्ख्या हिवाळ्याचं सगळं सामान चढवून ठेवायचं, पिठापासून काडेपेटीपर्यंत. अण्णांचं आयुष्य त्यात गेलंय. त्यांच्या दृष्टीने थंडी ही काही बातमी नाही, थंडी दर वर्षी येते. उपाशी राहिले म्हणजे कोणीतरी काम केलेलं नाही.

आणि हे बरोबरच आहे, फक्त जरा गुंतागुंतीचं. देशात धान्य नव्हतं असं नाही. न्यू जर्सीच्या शेतकऱ्यांच्या कोठारात गहू होता, गोठ्यात जनावरं होती. पण सैन्याकडे पैसे म्हणजे काँग्रेसने छापलेले कागदी डॉलर, आणि ते इतके घसरलेले की मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस जुन्या डॉलरला चांदीचा एक असा हिशेब मान्य केला. कोण शेतकरी त्या कागदाला गाय देईल? वर बर्फाने रस्ते बंद, आणि ओढे गोठले म्हणून पाणचक्क्या बंद, म्हणजे गहू असला तरी पीठ नाही. शेवटी जानेवारीत वॉशिंग्टनने न्यू जर्सीच्या काउंट्यांना कोटे ठरवून दिले, तुमच्याकडून एवढी जनावरं आणि एवढं धान्य आलं पाहिजे, नाहीतर सैन्य येऊन घेऊन जाईल. लोकांनी दिलं. तेवढ्यावर तो महिना निभावला. सैनिकांच्या वाट्याला पीठ आलं की ते पाण्यात कालवायचं आणि दगडावर किंवा निखाऱ्यात भाजायचं, याला फायरकेक म्हणायचे. अण्णा म्हणाले, "म्हणजे रोडगा." म्हणलं हो, बिनमिठाचा, बिनतुपाचा, बिनवांग्याचा रोडगा.

मला त्यावरून वडगाव आठवलं आणि मी बोललो, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही दोघं इतके जोरात बोलत होतो की समोरून येणाऱ्या कुत्रेवाल्या बाईने वाट सोडून दिली. कारण तारखा बघा. जानेवारी १७७९, म्हणजे या हिवाळ्याच्या बरोबर एक वर्ष आधी, मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पुण्यावर चालून येत होती आणि मराठ्यांनी काय केलं, तळेगाव जाळून रिकामं केलं, दाणागोटा मिळू दिला नाही, आणि उपाशी फौज मागे फिरली तशी महादजींनी वडगावला घेरून तह लिहून घेतला. जुन्या हायवेने जाताना वडगाव मावळ लागतं, आपण तिथे वडापावला थांबतो. म्हणजे एकाच वेळी तोच इंग्रज इकडे वॉशिंग्टनशी आणि तिकडे शिंदे-फडणीसांशी लढत होता, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच, दाणा कोणाला मिळतो. आपल्याला शाळेत दोन वेगवेगळ्या वर्षी दोन वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवतात म्हणून ते कधी एकत्र दिसत नाही. अण्णांचं म्हणणं, पानिपतही तेच. ‘भाऊसाहेबांची रसद तुटली तिथंच निकाल लागला, संक्रांतीला नुसती सही झाली.’ सप्लाय कोअरचा माणूस दुसरं काय म्हणणार, पण मला खोडता आलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. रस्त्याच्या कडेला एक दगड आहे, कॅप्टन अ‍ॅडम बेटिन यांचा. पुढच्या हिवाळ्यात, १ जानेवारी १७८१ च्या रात्री, याच झोपड्यांमध्ये राहिलेल्या पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. त्याआधी मे १७८० मध्ये कनेक्टिकटच्या पलटणी अशाच उठल्या होत्या, मांस कित्येक दिवस मिळालं नव्हतं म्हणून, पण ते त्या संध्याकाळीच शांत झालं. हे मोठं होतं. पगार जवळपास वर्षभर नाही, आणि भरतीच्या कागदावर लिहिलेलं ‘तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत’, सैनिक म्हणणार तीन वर्षं झाली आम्ही सुटलो, अधिकारी म्हणणार युद्ध संपलेलं नाही. त्या गोंधळात बेटिन मारले गेले, स्वतःच्याच लोकांच्या हातून. बंडवाले तोफा घेऊन, नीट कवायतीत, प्रिन्स्टनकडे चालत गेले. इंग्रजांनी संधी साधून दोन माणसं पाठवली, आमच्याकडे या, तुमचा सगळा पगार देतो म्हणून. तर या उपाशी, बिनपगारी बंडखोरांनी त्या दोघांनाच धरून दिलं आणि त्यांना फाशी झाली. पुढे वाटाघाटी होऊन निम्म्याच्या आसपास लोकांना सुट्टी मिळाली.

मला ही गोष्ट जाम आवडते. आम्ही तुमच्यावर चिडलोय पण आम्ही विकाऊ नाही, असं म्हणणारी माणसं. मी ती जरा रंगवूनच सांगितली. अण्णा दगडासमोर सावधान उभे, टोपी काढलेली.

"बंड ते बंड," ते म्हणाले. "ऑफिसर मेला ना."

म्हणलं, अण्णा, वर्षभर पगार नाही, खायला नाही, अंगावर कपडे नाहीत.

"ते बरोबर आहे त्यांचं."

मग?

"मग काय मग. ते पण बरोबर आहे आणि हे पण." आणि चालायला लागले. पुढे बरंच चालल्यावर, माझ्याकडे न बघता, "पगार थांबवणाऱ्याचा दगड कुठं आहे?" मी म्हणलं असा दगड नसतो. "तेच," म्हणाले.

फोर्ड मॅन्शनला पोचेस्तोवर साडेतीन झाले होते. गावातलं मोठं पांढरं घर, १७७४ चं, थिओडोशिया फोर्ड या विधवा बाईंचं, चार मुलांसकट त्या दोन खोल्यांत सरकल्या आणि बाकी घर वॉशिंग्टनला दिलं. आत छान आहे, पण आम्ही पळत पळत बघितलं. एकच गोष्ट लक्षात राहिली, वॉशिंग्टनचं जानेवारी १७८० चं पत्र, क्वार्टरमास्टर जनरल ग्रीन यांना, की माझ्याकडची अठरा माणसं आणि फोर्डबाईंची सगळी अशी एकाच स्वयंपाकघरात कोंबलीयेत आणि सर्दीने एकालाही धड बोलता येत नाही. बाहेर दहा हजार लोक बर्फात, आणि सरसेनापतीची तक्रार स्वयंपाकघराची. पण अण्णा खूश झाले. पत्र बरोबर माणसाला लिहिलं म्हणून.

घरी आल्यावर गोचिडीची तपासणी. इथे हे करावंच लागतं, हरणांच्या अंगावरची ती तिळाएवढी गोचीड लाइमचा आजार देते आणि लोकांना वाटतं उन्हाळ्यातच असते, पण मोठी झालेली गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जोरात असते. माझ्याच गुडघ्यामागे सापडली. बायको किंचाळली. अण्णांनी चष्मा लावला, चिमटा मागितला, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"ही गोचीड? एवढीशी?" आणि मग, "हलू नका हो. खेचरं बरी तुमच्यापेक्षा."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा परत गेले. डिसेंबरात पहिल्या मोठ्या बर्फाचा अंदाज आला, आठ ते बारा इंच, आणि इथे तसा अंदाज आला की अख्खं गाव दूध आणि ब्रेड घ्यायला पळतं, मीही पळालो. लाइनमध्ये उभा असताना व्हॉट्सअ‍ॅपवर अण्णांचा कॉल. तिकडे पहाटेचे साडेपाच. हवामानाचं ते मोबाइलवर बघत असणार, आमच्या पिनकोडचं.

"स्टॉकिंग झालं का?"

म्हणलं दूध मिळालं अण्णा, ब्रेड संपला, रॅक रिकामे पडलेत.

"ब्रेड कशाला. पीठ बघा," म्हणाले. "पीठ कोणी नेत नाही."

गेलो बघायला. खरंच होतं, खालच्या रॅकवर, आख्खी ओळ.